ओल भिंतीला, औषध अंगणात

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. मी म्हणतो, घर पाहावे वाकून! जोत्याखाली एकदा तरी डोकवावे. हे शहाणपण मला आले ते आईचा पाय माजघरातल्या फळीतून आत गेला त्या दिवशी.

लोणावळ्याचे आमचे घर जुने, बैठे. दोन हात उंच दगडी जोते, वर फळ्यांची जमीन आणि फळ्यांखाली मांजर फिरेल एवढी पोकळी. दर पावसाळ्यात भिंतीवर ढोपरापर्यंत पांढरा खार फुटे आणि दर दिवाळीला मी तो खरवडून रंग देई. एकदा तर सिमेंटचा गिलावाच चढवला. पुढल्या वर्षी ओल गिलाव्याच्याही वर निघाली! समईच्या वातीत तेल चढते, तसे जमिनीतले पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून तरी जाते. सिमेंटने वाट अडवली की आणखी वर सरकते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, त्यातली गत.

आईच्या पायाचे नुसत्या मुरगळण्यावर निभावले. पाय शेकता शेकता ती म्हणाली, "दहा वर्षं भिंत रंगवतोयस. एकदा खाली बघ की रे!"

बॅटरी घेऊन पालथा पडलो. खाली चिखल, तुळयांना बुरशी. एकीत तर बोट सहज रुतले. जोत्याचे दोन झरोके, उंदीर येतात म्हणून, मीच विटांनी बुजवले होते. पागोळ्यांचे पाणी थेट जोत्याच्या पायाशी पडत होते आणि तिथेच आमच्या सौ.चे कर्दळीचे आळे!

मग कामे बाहेरून आत केली. पन्हळ लावून पाणी दूर गटारात सोडले. अंगणाचा उतार घराकडे होता, तो बाहेर वळवला. कर्दळ कुंपणाशी गेली. झरोके उघडून जाळ्या बसवल्या, कुजक्या तुळया बदलल्या. शेवटी खालच्या मातीवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, जोडांना वीतभर एकावर एक चढवून. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते. नुसत्या झरोक्यांनी माती वाळत नाही. तिचा दमटपणा फळ्यांपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

तुमच्याकडे फरशी असेल, तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने फरशीवर चिकटवा. दोन दिवसांनी पाणी खालच्या बाजूला दिसले, तर ओल जमिनीतली; वरच्या बाजूला दिसले, तर हवेतली. औषध त्याप्रमाणे.

भिंत मात्र लगेच वाळली नाही. सिमेंट खरवडून चुना लावला, तरी दोन पावसाळे गेले. ह्या दिवाळीला प्रथमच रंगाचा डबा आणलेला नाही. आई मात्र त्या फळीवर अजून आधी काठी टेकते, मग पाऊल ठेवते. मी काही बोलत नाही.