शॉकअप बदलायचे, पण किती?

येवल्यात गाडी ही आता चैन राहिलेली नाही. नागड्याहून पैठण्यांचे गठ्ठे आणायचे, अंदरसूलला कांद्याच्या लिलावाला जायचे, अम्मीला नाशिकच्या दवाखान्यात न्यायचे, सगळ्याला गाडीच लागते. त्यात नगर–मनमाड रस्त्याची कीर्ती आपण सगळेच जाणतो. मग एक दिवस मिस्तरी सांगतो, "पुढचे दोन्ही शॉकअप गेले," आणि घरचा महिन्याचा हिशेब कोलमडतो.

"थोडी आदळते, चालवू अजून," हे आपल्या घराघरांतले उत्तर. ते आम्हाला पटत नाही. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. नळीतले तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून दबून जाते आणि हेलकावा थांबतो. तेल गळले की चाक रस्ता सोडून उड्या मारते. हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? घरी तपासायचे तर बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन बसली तर ठीक, डुलतच राहिली तर गॅरेज गाठा. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजत असेल, तर तीही खूणच.

आता खर्च. शॉकअप एकटा बदलत नाहीत. पुढची किंवा मागची जोडीच बदलतात, नाहीतर गाडी एका बाजूला झुकते, ओढते. लहान गाडीत मागचे काम सोपे. पुढे बहुतेक गाड्यांना स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. ती दाबलेली स्प्रिंग क्लॅम्प लावूनच सोडवावी लागते. निसटली तर जीव घेईल. म्हणून मजुरी जास्त, आणि दोरीने बांधून काम उरकणाऱ्याकडे गाडी देऊच नये. वर माउंटिंग, बुश आणि शेवटी अलाइनमेंट. हे सगळे आधीच कागदावर लिहून घ्या.

थोडा दिलासा करात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. करापूर्वी 2,000 रुपयांचा एक नग धरला, तर चार नगांमागे 800 रुपये वाचतात. बिल मागितले तरच हे कळेल. विम्याकडून मात्र आशा नको. झीज विम्यात येत नाही. आणि हा माल काही परदेशातून येत नाही. गॅब्रिएलचा शॉकअपचा कारखाना आपल्या नाशकातच आहे.

बाजारात जुने शॉकअप तेल भरून, रंग देऊन नव्यासारखे विकले जातात. वरून कोरडे आणि आत भिजलेले धान्य विकणाऱ्याच्या ढिगात रसूलुल्लाह (स.) यांनी हात घातला, तो प्रसंग आपण मुलांना सांगतो. गाडी विकताना हाच हिशेब आपल्यालाही लागू आहे: शॉकअप गळतात हे गिऱ्हाइकाला सांगा, भाव त्याप्रमाणे उतरवा.

चारही एकदम झेपत नसतील तर व्याजाने पैसे उचलू नका. गळणारी जोडी या महिन्यात, दुसरी पुढच्या महिन्यात. तोवर वेग आणि ओझे कमी ठेवा. आणि काढलेले जुने नग मिस्तरीकडून मागून घरी आणा.