वाढत्या अंगाचा कपडा

लहान मुलाचा कपडा शिवायला टाकताना शिंप्याला हमखास सांगितलं जायचं, ‘वाढत्या अंगाचा शिवा.’ तो आत चार बोटं दुमड ठेवायचा. पोर वाढलं की ती उसवायची. तयार कपड्यांत ही सोय गेली. पहिल्या दोन वर्षांत मूल सहा-सात मापं मागे टाकतं आणि न विटलेले, न फाटलेले कपडे केवळ आखूड झाले म्हणून बाद होतात.

लंडनच्या रायन मारिओ यासिन या तरुण अभियंत्याला हेच खटकलं. नात्यातल्या बाळासाठी त्यानं घेतलेले कपडे पोहोचेपर्यंत बाळाला होईनासे झाले होते. यासिन वैमानिकी शिकलेला. उपग्रहाचे भाग घडी घालून रॉकेटमध्ये बसवतात आणि अवकाशात उलगडतात, ती भूमिती त्यानं कापडावर उतरवली. साधं कापड लांबीत ओढलं की रुंदीत आक्रसतं. त्याच्या ‘पेटिट प्ली’ या कपड्यांच्या चुण्या अशा पाडलेल्या असतात, की एका बाजूनं ताणलं तर कपडा दुसऱ्या बाजूनंही उलगडतो. त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाची विजार तीन वर्षांच्या मुलालाही होते. घोट्यापर्यंत पुरते आणि मांडीला काचत नाही. २०१७मध्ये या कामाला जेम्स डायसन पुरस्काराच्या ब्रिटन विभागात पहिला मान मिळाला.

अशी घडी टिकते उष्णतेमुळे. पॉलिस्टर तापलं की मऊ पडतं आणि निवताना दिलेला आकार धरून ठेवतं. सुती कापडाच्या चुण्या धुण्यात जातात. जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके यांनी १९९३च्या ‘प्लीट्स प्लीज’ या कपड्यांसाठी हाच गुण वापरला: कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवायचा, मग कागदांच्या मधे घालून तापल्या यंत्रात दाबायचा. २०१०मध्ये, जुन मितानी या संगणकतज्ज्ञाच्या मदतीनं, त्यांनी सपाट घडीतून उचलताच झगा होणारे कपडे केले, तेही पुनर्वापरातल्या पॉलिस्टरचे.

फार देखणं काम आहे ते. तरी माझं मत यासिनच्या विजारीला. पॉलिस्टर पुनर्वापरातलं असलं तरी धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातातच. हे नुकसान पत्करायचं, तर निदान चार कपड्यांची खरेदी वाचायला हवी. शोभेच्या घडीनं ती वाचत नाही.

आपल्या शाळांचे कितीतरी गणवेश टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलेच असतात आणि जून आला की आईबापांना नवा जोड घ्यावा लागतो. बाह्यांना आणि विजारीला अशा चुण्या घालून एकच जोड दोन वर्षं पुरतो का, हे पहिली-दुसरीच्या मुलांवर करून पाहावं. इचलकरंजीत मागही आहेत आणि वस्त्रोद्योग शिकवणारं महाविद्यालयही. सुरुवात तिथून व्हावी.