परदेशी व्हिसा, एकत्र वास्तव्याची अट आणि विवाहसंस्कार

परदेशातील स्थळ चालून आले की मंगरूळपीरसारख्या गावातील कुटुंबापुढेही व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. ‘लग्नाआधी वर्षभर एकत्र राहिल्याशिवाय व्हिसा मिळत नाही’, असा एक समज अशा वेळी कानी येतो. हा समज तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत बारा महिन्यांच्या सहवासाचा निकष अविवाहित जोडीदारांसाठी आहे. कायदेशीर विवाह झालेल्या पतिपत्नींना तो लागू नाही. म्हणजे तेथे विवाहापूर्वी सहवास करण्यास कायदा कोणासही भाग पाडीत नाही.

न्यूझीलंडची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे जोडीदार म्हणून निवासी व्हिसा मिळवण्यासाठी विवाहितांनीही बारा महिने एकत्र राहिलेले असावे लागते. २०१९ मध्ये एकत्र वास्तव्याचा निकष काटेकोरपणे लावला गेला, तेव्हा अनेक भारतीय दांपत्यांचे अर्ज नाकारले गेले. व्हिसा नाही म्हणून सहवास नाही आणि सहवास नाही म्हणून व्हिसा नाही, अशी ही कोंडी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील सरकारने ठरवून केलेल्या विवाहांसाठीच्या अभ्यागत व्हिसाची मुभा परदेशात झालेल्या अशा विवाहांनाही दिली. तथापि ज्यांनी एकमेकांची निवड स्वतः केली, ते दांपत्य या सवलतीत बसत नाही.

बनावट विवाह रोखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कलम १०५७) विवाह उभयतांच्या संमतीने घडतो. भाडेपावत्यांनी किंवा सामाईक बँक खात्याने नव्हे. व्हॅटिकनने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेतही स्थलांतरित कामगारांचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र यावे, हा त्यांचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे. पतिपत्नींना एकत्र येऊ न देता एकत्र राहिल्याचा पुरावा मागणे या हक्काशी विसंगत आहे.

व्हिसाच्या घाईत ‘आधी कचेरीत नोंदणी, चर्चमध्ये पुढे पाहू’ असाही विचार काही जण करतात. कॅथलिक व्यक्तीसाठी केवळ अशी नोंदणी म्हणजे विवाहसंस्कार नव्हे. शिवाय १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार चर्चमधील विवाह कायदेशीरच ठरतो. मग ही उलटी वाट कशासाठी?

म्हणून आईवडिलांनी साखरपुड्यापूर्वीच त्या देशाचा नियम समजून घ्यावा आणि आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. लग्नानंतर किती महिने दूर राहावे लागेल, हे वधूवरांस आधी कळलेच पाहिजे. प्रभूने जे जोडले, ते कागदाअभावी दुरावू नये, यासाठी एवढी दक्षता आपण सर्वांनी घेऊ या.