जलपर्णीच्या बिलात कुमुदिनी

गेल्या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. तलाव स्वच्छतेचा ठेका टनावर ठरतो, यंत्र पाण्यात उतरते आणि जलपर्णीबरोबर कुमुदिनीही (निम्फॉइडिस इंडिका) काठावर येऊन सुकते. मग सुशोभीकरणाची दुसरी निविदा निघते. तिच्यात 'कमळ, रंगीत, नग' एवढेच लिहिलेले असते आणि आपल्यातलेच कोणी रोपवाटिकाचालक परदेशी संकरित वाण पुरवतात. दरसूचीत नाव नाही म्हणून कुमुदिनी लावता येत नाही. तण म्हणून उपटायला मात्र नावाची गरज पडत नाही. हे चालू देता कामा नये.

ठेका देणाऱ्या साहेबांनी बांधावर उभे राहून पाहिले तरी फरक कळतो. जलपर्णीचा देठ फुगीर, फूल जांभळे. कुमुदिनीचे पान हृदयाकृती, पाण्यावर आडवे. फूल पानाखालच्या पेरातून वर येते, पांढरे, घशाशी पिवळे आणि पाकळीवर सगळीकडे कापसासारखी लव. लव नसून पाकळीच्या मध्यावर उभी झालर असेल तर ती निम्फॉइडिस क्रिस्टाटा. ही फ्लोरिडात उपद्रवी ठरली आहे, आपल्या तळ्यांत ती मूळचीच.

आता आपल्या सभासदांविषयी. पेरासह पान तोडून चिखलात दाबले की रोप तयार होते, म्हणून अख्खी रोपवाटिका एकाच झाडाची असते आणि मग 'बी धरत नाही' अशी पत्रे येतात. कशी धरणार? या जातीत काही झाडांत कुक्षिवृंत लांब व पुंकेसर आखूड, काहींत नेमके उलट. दोन्ही प्रकार शेजारी असतील तरच बी नीट धरते. त्यासाठी कास पठारावरच्या कुमुदिनी तलावाकडे मात्र कोणी वळू नये. ते पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथून पानही आणायचे नाही. गावच्या तळ्यावर ठेका लागण्याआधी ग्रामपंचायतीला सांगून रोपे उचला.

मंडळी, याच आठवड्यात टाकीतली फुले भिंगाखाली तपासा आणि प्रकार कुंडीवर लिहून ठेवा. दुसरा प्रकार हवा असेल तर आम्हाला कळवा, अदलाबदल जुळवून देऊ. निविदा भरण्याआधी तिच्यात कुमुदिनीचे नाव घालण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. फूल एकाच दिवसाचे असते, दुपारनंतर मिटते. तेव्हा तपासणी सकाळीच उरका.