ग्रंथालयांतील बाद पुस्तके: रद्दीच्या काट्यापूर्वी

सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तके बाद करणे हा गुन्हा नव्हे. वाळवीने पोखरलेली, कालबाह्य झालेली पुस्तके काढल्याविना नव्यांना जागा होत नाही. प्रश्न आहे तो ती कशी काढली जातात, याचा. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्याही पाहिली जाते. साहजिकच ती घटविण्यास कार्यकारी मंडळे कचरतात. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली पुस्तकेही दाखल नोंदवहीत सुखेनैव नांदतात. जागा संपली, की मात्र घाईघाईने निर्लेखन होऊन दुर्मीळ आणि टाकाऊ एकाच काट्यावर तोलले जाण्याची भीती असते.

या घाईची किंमत सॅन फ्रान्सिस्कोने मोजली आहे. तेथील मुख्य ग्रंथालय १९९६मध्ये नव्या इमारतीत गेले आणि पुस्तकांना जागाच पुरेना. किमान दोन लाख पुस्तके कचराभूमीत गाडल्याचा आरोप लेखक निकल्सन बेकर यांनी त्याच वर्षी 'न्यूयॉर्कर'मधून केला. १९९७च्या जानेवारीत ग्रंथपाल केनेथ डाउलिन यांनी राजीनामा दिला.

बाद पुस्तकांची यादी महिनाभर दर्शनी फलकावर लावून ती सभासदांना नाममात्र किमतीत देऊ करण्यास फारसा खर्च येत नाही. उरलेली खुशाल रद्दीवाल्याने न्यावीत.