गावाला बाग कशाला?

'बाग' हा शब्द शिरूर-दौंडकडच्या माणसाला नवा नाही. डाळिंबाची बाग, द्राक्षाची बाग हे शब्द आमच्याकडे रोजचे आहेत. "बागेत चाललोय" असे कोणी म्हणाले तर त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप असणार हे वेगळे सांगावे लागत नाही. पाण्याखालच्या शेतीलाच आम्ही बागाईत म्हणतो. परंतु जिथे काही तोडायचे नाही, काही विकायचे नाही, नुसते चार घटका बसायचे, अशी बाग गावात कोणी मागितली की त्याचे हसे होते. "गावाला बाग कशाला? सगळे शिवारच बाग आहे की!" हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. ऐकायला ते गोड वाटते. परंतु जरा तपासून पाहिले तर ते आज खरे राहिलेले नाही, असे माझे मत आहे.

प्रथम शिवाराचेच पाहू. पूर्वी हा भाग बहुतांशी कोरडवाहू. पुढे खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला. घोड, चासकमान, कुकडी या प्रकल्पांचे पाणी शिरूरकडे फिरले. पाणी आले हे उत्तमच झाले. ज्या घरांतून पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्या माझ्यासारख्या घरांतील मुली आज इथे बसून शिकतात, त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. परंतु पाण्यामागून ऊस आला आणि तो घराच्या भिंतीला येऊन टेकला. उसात बिबट्या राहू लागला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांचेही बळी गेले आणि संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. ज्या शिवारात दिवस कलल्यावर आई मुलाला पाठवत नाही, त्या शिवाराला बाग कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरी जागा नदीची. आपल्या तालुक्यांना समुद्र नाही. आपला किनारा म्हणजे नदीचा काठ. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. 'शिरूर-घोडनदी' असे नावच आपण जोडून घेतो. परंतु त्या काठाची आज काय अवस्था आहे? रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. पुढे दौंड तालुक्यात पाण्यावर जलपर्णी पसरते. वाळूच्या उपशाने पात्रात खड्डे पडतात. वरून पाणी सारखे दिसते आणि खाली एकदम डोह असतो. आजोबा ज्या पाण्यात पोहायला शिकले, त्या पाण्यात नातवाला उतरू देत नाहीत.

निसर्गाने मात्र आमच्या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडी नदीने काळ्या खडकात रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरले आणि बेसॉल्टसारख्या कठीण खडकाला रांजणाचा आकार आला. मोराची चिंचोली येथे चिंचेच्या झाडांत मोर हिंडतात. शहरातली मंडळी सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून येतात, मोर पाहतात, पिठले-भाकरी खातात आणि मोकळी हवा घेऊन परत जातात. त्यात वाईट काहीच नाही. गावाला चार पैसे मिळतात. परंतु पाहुण्यांसाठी राखलेली जागा आणि गावकऱ्यांच्या हक्काची जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाहुणा वर्षातून एकदा येतो. गावातली मुलगी रोज संध्याकाळी कुठे जाते, हा माझा प्रश्न आहे.

यावर वडीलधारी मंडळी पाराकडे बोट दाखवतात. वडाचा किंवा पिंपळाचा पार ही गावाची खरी बाग होती, हे मला मान्य आहे. दाट सावली, गार दगड, गप्पा, वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन! परंतु पार सगळ्यांचा होता काय? तिथे पुरुष बसत. बाईमाणसाने पदर सावरून, मान खाली घालून तिथून जायचे, अशी रीत होती. सर्व जातींना तिथे सारखे बसता येत होते, असेही कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. बायकांची जागा पाणवठा. धुणे आपटता आपटता सुखदुःखाच्या गोष्टी तिथेच होत. मग घरोघरी नळ आले. डोक्यावरची घागर उतरली, याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु घागरीबरोबर घराबाहेर पडायचे निमित्तही गेले. त्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा मात्र कोणी दिली नाही.

या विषयावर आमच्या अभ्यासक्रमातील राज्यघटनाही काही सांगते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावे परिशिष्ट आले; त्यात २९ विषय आहेत. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावे परिशिष्ट आले. त्यात १८ विषय आहेत. नगरपालिकांच्या यादीत उद्याने, बागा, क्रीडांगणे असा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यांना 'नागरी सुविधा' म्हटले आहे. पंचायतींच्या यादीत शेती, रस्ते, पिण्याचे पाणी, ग्रंथालये, बाजार व जत्रा आहेत, बाग नाही. याचा अर्थ गावात बाग करायला बंदी आहे असा मुळीच नाही. सामाजिक वनीकरण आणि सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे विषय त्या यादीत आहेतच. परंतु विश्रांती ही शहराची गरज आणि खेड्याला फक्त काम, असा आपला एकूण समज या दोन याद्यांतून डोकावतो.

खेड्यातला माणूस दिवसभर मोकळ्या हवेत असतो, त्याला आणखी हवा कशाला, असेही म्हणतात. खुरपणीला वाकलेल्या बाईला हवा मिळते; विसावा मिळत नाही. माझ्या आईला मी हातात काम नसताना बसलेली क्वचितच पाहिली आहे. घरी बसली तरी पुढ्यात निवडायला धान्य असते. काही काम नसताना चार बायकांत बसायला तिला हक्काची जागा नाही, आणि अशी जागा असावी असे तिच्या मनातही येत नाही. मला याचेच अधिक वाईट वाटते.

"आधी रस्ते करा, मग बागेचे बघू" हा आक्षेप योग्य वाटतो. परंतु मी कारंजी आणि विलायती हिरवळ मागत नाही. गावठाणालगत अर्धा एकर जागा, वड, चिंच, कडुलिंब, करंज अशी इथलीच झाडे, बसायला काही ओटे, रात्री आठपर्यंत उजेड, आणि चारी बाजूंनी नजर पोहोचेल असा मोकळा परिसर, एवढे पुरे. उसाच्या दाटीतल्या पायवाटेपेक्षा अशी उघडी, उजेडातली जागा मुलांना नक्कीच निर्धास्त. जमीन नाही असे म्हणावे तर गायराने होती. ती कोठे गेली? गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढून ती गावाला परत द्यावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना दिलेला आहे. यात बेघर गरिबाची झोपडी आणि धनिकाचे कुंपण यांत भेद करावा लागेल, पण निदान उरलेली जागा तरी राखता येईल. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली. गावाने एकदा ठरवले की झाड जगते, हे पाहायला फार लांब जायला नको.

आपल्यालाही यात काम आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दरवर्षी शिबिर होते, रोपे लावली जातात, छायाचित्र निघते. मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोण घालते? दरवर्षी नव्या शंभर रोपांऐवजी एकाच गावातील एकच जागा घेऊन तीन वर्षे, म्हणजे आपले बी.ए. पुरे होईपर्यंत, ती सांभाळली तर? आणि ती जागा कुठे असावी हे ठरवताना गावातील बायका आणि मुली यांना आधी विचारावे.

येत्या ग्रामसभेत आपापल्या गावी एकाने जरी उठून ही मागणी केली तरी सुरुवात होईल. लोक हसतील. मुलींनी कॉलेजात जावे असे प्रथम कोणी म्हणाले, तेव्हाही लोक हसलेच होते.