पूडल पाळण्यापूर्वी

जर्मन तत्त्वचिंतक शोपेनहॉअर याने फ्रँकफुर्टमधील आपल्या एकाकी आयुष्यात एकामागून एक पूडल पाळले आणि त्यांना ‘आत्मा’ हे संस्कृत नाव दिले. उपनिषदांचा हा भक्त कुत्र्यावर रागावला की त्याला ‘अरे माणसा!’ म्हणून हिणवी, असे सांगतात. ऊन असो वा पाऊस, दुपारच्या जेवणानंतर कुत्र्याला घेऊन दोन तास फिरून येण्याचा त्याचा नेम सहसा चुकला नाही. 1860 साली तो वारला, तेव्हा मागे राहिलेल्या पूडलच्या पोषणाची तरतूद त्याने मृत्युपत्रात करून ठेवली होती. माणसांविषयी इतका निराश असलेल्या या गृहस्थाला कुत्रा पाळणे म्हणजे काय, हे मात्र पुरते उमगले होते.

आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांतूनही पूडल दिसू लागला आहे. मोबाइलच्या पडद्यावर लोकरीच्या गुंड्यासारखे पिल्लू दिसते, मुले हट्ट धरतात आणि आठवडाभरात हजारो रुपयांचा व्यवहार ठरून जातो. घर लहान, कुत्राही लहान. त्याचे केस गळत नाहीत. शिवाय तो हुशार, एवढ्यावर बहुतेक घरांतील चर्चा संपते. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु त्यांची दुसरी बाजू विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारीत नाही.

प्रथम केसांचे पाहावे. पूडलचे केस जमिनीवर फारसे पडत नाहीत हे खरे. पण ते माणसाच्या केसांसारखे सतत वाढत राहतात आणि सुटलेला केस कुरळ्या जटांतच अडकून बसतो. रोज ना रोज विंचरले नाही तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्या गाठी होतात, गाठींखाली ओल धरते आणि कातडी चिघळते. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे अधिकच लवकर घडते. लोंबत्या, केसाळ कानांतही ओल साचून दुखणी उद्भवतात. चार ते सहा आठवड्यांनी केस कापून घ्यावेच लागतात. हे जनावर बारा ते पंधरा वर्षे जगते. म्हणजे त्याच्या हयातीत किमान शंभर वेळा केशकर्तन आले. ज्याने पिल्लाची किंमत मोजली पण हा हिशेब मांडला नाही, त्याने खर्चाचा लहानसा भागच पाहिला असे म्हणावे लागेल.

पूडलच्या अंगावरील ते चमत्कारिक गोंडे पाहून अनेकांना हसू येते. वस्तुतः ती नटवेगिरी नव्हे. पूडल हा मुळात पाण्यात उतरून शिकार आणणारा कुत्रा. त्याचे जर्मन नाव पाण्यात डुबक्या मारण्यावरून पडले आणि फ्रेंच नावात बदक दडले आहे. पोहणे हलके व्हावे म्हणून अंगावरचे केस काढीत आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेथले राखीत. पुढे दरबारी स्त्रियांनी त्याचे खेळणे केले, ती गोष्ट वेगळी.

केस न गळण्याच्या या गुणापायी एक मोठा घोटाळा झालेला आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांच्याकडे हवाई बेटावरील एका अंध स्त्रीची मागणी आली. तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. कॉनरन यांनी 1989 साली पूडल आणि लॅब्रॅडॉर यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली, आणि त्यांतील एकाच पिल्लाचा त्या पतीला त्रास झाला नाही. एकाच आईबापांच्या पिल्लांत हा फरक! तरीही ‘त्रास न देणारा कुत्रा’ म्हणून जगभर बाजार मांडला गेला आणि तो पाहून खुद्द कॉनरन यांनी पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. त्रास देणारे घटक केसांइतकेच लाळेत आणि कातडीच्या कोंड्यातही असतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्याने प्रत्यक्ष त्या कुत्र्याच्या सहवासात काही तास काढून पाहावेत आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लहानपणाविषयी थोडेच सांगणे पुरे. सर्वांत लहान जातीचा पूडल खांद्यापर्यंत दहा इंचांहून कमी भरतो. मोठ्या जातीचा वीस-पंचवीस किलोंचा दांडगा गडी असतो. ‘चहाच्या पेल्याएवढा’ म्हणून जो विकतात, त्याची वेगळी जात कोणत्याही मान्यवर श्वानसंघाच्या दप्तरी नाही. असली अतिलहान पिल्ले नाजूक असतात. एक वेळचे खाणे चुकले तरी ती गळून पडू शकतात. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास 2017 च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे, एवढे तरी खरेदीपूर्वी ठाऊक असावे.

खरा प्रश्न हुशारीचा आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 साली आज्ञापालनाच्या स्पर्धांतील परीक्षकांची मते घेऊन कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली. तीत पूडलचा क्रमांक दुसरा लागला. पालकांना ही बातमी पाल्याच्या गुणपत्रिकेसारखी सुखावते. पण शिकवलेले चटकन शिकणारा प्राणी न शिकवलेलेही तितक्याच चटकन शिकतो. दोघेही नोकरीला जाणारे, मुले शाळेत आणि शिकवणीत, अशा घरात सकाळी नऊला दार बंद होते आणि संध्याकाळी सहाला उघडते. किल्लीचा आवाज, पायातले जोडे, पिशवी उचलण्याची लगबग या खुणांचा अर्थ पूडलला पहिल्याच आठवड्यात कळतो आणि दार लागण्याआधीच त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. मग तो भुंकतो, उशा फाडतो, स्वतःचेच पंजे चाटून लाल करतो. शेजारी तक्रार करतात, घरचे त्याला ‘द्वाड’ ठरवतात. मंद बुद्धीचा कुत्रा कदाचित झोपून वेळ काढील. याला ते साधत नाही. अशा घराने पूडल आणू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पगार कितीही चांगला असो, नऊ तासांच्या एकांताची भरपाई महागड्या खाण्याने होत नाही.

याउलट ज्या घरात दिवसभर कोणी तरी असते, ज्यांना विंचरण्याचा कंटाळा नाही आणि काही ना काही शिकवीत राहण्याची हौस आहे, त्यांना पूडलसारखा सोबती विरळा. निवृत्त शिक्षकाला तर तो आयुष्यातला सर्वांत लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी वाटेल. बर्फाळ मुलखातील हस्की किंवा सेंट बर्नार्ड आणून त्याला आपल्या वैशाखात धापा टाकायला लावण्यापेक्षा ही निवड कितीतरी समंजसपणाची. पण मग फाटकाशी शेपूट हलवणारे गावठी पिल्लू का नको, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या घराने स्वतःपुरते तरी प्रामाणिकपणे द्यावे. ‘लोक विचारतात, कुठली जात?’ हेच जर ते उत्तर असेल, तर खरेदी थांबवावी.

ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांनी पिल्लू आणण्यापूर्वी आषाढाचा एक महिना निवडावा. फिरवून आणण्याची जबाबदारी ज्याने उत्साहाने पत्करली असेल, त्याने रोज सकाळी सहाला आणि रात्री जेवणानंतर, केवळ छत्री घेऊन, अर्धा-अर्धा तास चालून यावे. किती वेळा गेला आणि दुपारी घरी कोण होते, याची खूण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर करावी. महिनाअखेरीस ते कॅलेंडर घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावे, आणि मगच पिल्लाची चौकशी करावी.